फोटोपुरतं पांढरं

"लाल पॉलिएस्टर आहे, साहेब. अक्षरांसाठी साधं पांढरं व्हिनाइलचं प्लास्टिक दाबलं, तर उष्णतेने कापडाचा रंग वर चढतो आणि चार दिवसांत अक्षरं गुलाबी होतात. रंग अडवणारं व्हिनाइल घेऊ, प्रेसही कमी तापवते," छपाईवाल्या ताईंनी समजावलं.

मोबाइलमधून मान वर न करता कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, "साधंच लावा हो. उद्या फोटो निघेपर्यंत पांढरं राहिलं की झालं. नंतर कोण बघतंय?"

ताईंना त्याची किळस आली. मागच्या आठवड्यात याच कारखान्यात यंत्रात सापडून जीव गेलेल्या कामगाराच्या शोकसभेचे ते टी-शर्ट होते. त्यांनी गठ्ठा उचलून त्याच्यापुढे परत ठेवला.



प्रत्येक पाठीवर छापायचं होतं, "दादा, आम्ही तुला कधीच विसरणार नाही."