चढासाठी नवा पंप

"तीन रविवार या जुन्या स्पोर्ट्स कारच्या खाली झोपलास. शर्यतीच्या गाडीचा पंप, बोटाएवढा जाड पाइप. कशासाठी?" बायको कडाडली.

"चढावर कार्बुरेटरला पेट्रोल कमी पडायचं. गाडी मान टाकायची. दर वेळी तुझ्या आईकडे उशीर व्हायचा."

"आज उशीर झाला तर तुझं तोंड बघणार नाही, असं आई म्हणाली होती."

"मग चढली की नाही?"

"चढली. एका दमात चढली. आणि ब्रेक?"

"ब्रेक पुढच्या महिन्यात करणार होतो."

"म्हणजे धावायची सोय आधी आणि थांबायची पुढच्या महिन्यात. तुझ्या डोक्यात मेंदू आहे की ग्रीस?"

तिने केसांतला विटांचा चुरा रागारागाने झटकला आणि गाडीच्या काचेवर अडकलेला घराच्या खिडकीचा पडदा ओढून काढला.

समोर सोफ्यावर सासूबाई बसल्या होत्या, हातात रिमोट. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"जावईबापू, पहिल्यांदाच वेळेवर आलात. तोंडही पाहिलं तुमचं. आता गाडी जरा मागे घ्या, टीव्ही दिसत नाही."