ताईंना उशीर झाला

वाचनालयाच्या हॉलला कुलूप आणि किल्ली देवयानीताईंकडे. चिंतेचा आजार असलेल्या आम्हा लोकांचा गट त्या चालवतात, आणि त्यांना उशीर कधीच होत नाही. फोनही उचलत नव्हत्या.

"ट्रकवाले हल्ली बघतात कुठे?" पायरीवर बसत साखळकर काका म्हणाले. झालं! नसीमने सिव्हिलच्या अपघात विभागात चौकशी केली. मी ताईंच्या मिस्टरांना ऑफिसात फोन लावला. आमच्या गटाला ते 'रिकामटेकड्यांचे लाड' म्हणतात. घाबरवायचं नाही म्हणून मी हळू आवाजात एवढंच विचारलं, "तुम्हाला काही कळलं का?"

मग आम्ही तिघांनी ताईंनी शिकवल्याप्रमाणे श्वास घेतला. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. जरा बरं वाटतंय तोच ताई आल्या, पंक्चर झालेली स्कूटर ढकलत. फोन डिकीत राहिला होता.

त्या कुलूप उघडत होत्या, इतक्यात रिक्षातून मिस्टर उतरले. शर्ट घामाने चिंब. ताईंना समोर बघूनही धाप थांबेना.

काकांनी सरकून पायरीवर जागा केली. "बसा साहेब. पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं."