क्लचखालची मॅट

गिअर बदलताना गाडी अडखळायची. “गाडी ठणठणीत आहे, बाबा, तुमचा पायच थकलाय. आज मेकॅनिकला दोष सापडला नाही, तर किल्ली माझ्याकडे,” मुलाने बजावलं होतं. मेकॅनिकने क्लच तपासला, तेल पाहिलं, काही सापडेना. “तुम्ही चालवा, मी पायाशी बघतो,” तो मुलाला म्हणाला. वडील मागच्या सीटवर अंग चोरून बसले. मुलाने दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. गाडी दोन्हीदा अडखळली. वडिलांनी हसू गिळलं. “थांबा!” मेकॅनिकने उतरून क्लचखालची जाडजूड रबरी मॅट काढली. “हिच्यामुळे क्लच पुरता दाबलाच जात नव्हता. कोणत्या शहाण्याने टाकली?” मुलगा गोरामोरा झाला. वडिलांचा पाय घसरू नये म्हणून त्यानेच आणली होती. “मीच,” वडील घाईघाईने म्हणाले. मुलाने उतरून किल्ली पुढे केली. “चालवा, बाबा.” मॅट मांडीवर घेऊन तो शेजारी बसला.