देऱ्याची इटालियन शिकवणी

"पा," हर्बर्टने टेबलावर बोट आपटलं. "स्ता."

ॲडेलिनने कालवण वाढलं. बायकोशी चार शब्द बोलायला ज्याच्या जिवावर येत होतं, तो नवरा तासभर पास्त्याशी बोलत बसला होता.

हर्बर्ट दुबई मरीनातल्या इटालियन रेस्टॉरंटात वेटरांचा कॅप्टन होता. नवा मॅनेजर उच्चारांबाबत कडक आहे, म्हणून जुन्या दुबईत, देऱ्यात शिकवणी लावली, एवढंच त्याने सांगितलं होतं. शारजाच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तेव्हापासून इटालियन पदार्थांच्या नावांची मोडतोड चालू होती. ता-ल्या-तेल-ले. न्योक-की.

ॲडेलिनला हे पटत नव्हतं. वीस वर्षं पास्ता वाढणाऱ्याला आता पास्ता म्हणायला शिकवणी? पास-ता नव्हे, पा-स्ता. स पुढच्या अक्षराचा हात सोडत नाही, हे लग्न नवं असताना त्यानेच तिला हौसेने शिकवलं होतं. तेव्हा त्याच्या तोंडाला खळ नसायचा.

शिकवणाऱ्या बाईचं नाव अलिना. तिचा फोन आला की हर्बर्ट बाल्कनीत जायचा. वसईला आईला फोन करणंही त्याने बंद केलं होतं, नुसते मेसेज. चर्चमध्ये गाणी चालू असताना तो फक्त ओठ हलवायचा. मनात पाप असलं की देवापुढे गळा धरतो, असं ॲडेलिनला वाटलं आणि तिला रडू आलं.

तिने मुलीपाशी विषय काढला. क्लेअरने मोबाइलमधून मानही वर केली नाही.

"मम्मा, यू आर ओव्हरथिंकिंग."

शनिवारी ॲडेलिनने वसईसारख्या मैद्याच्या गोल फुग्या तळल्या. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही घरची रीत. मग ती सवत का असेना. हर्बर्ट निघाला तशी तिने मागोमाग टॅक्सी केली.

देऱ्यातल्या जुन्या इमारतीत, हर्बर्ट शिरला त्याच दारावरची बेल तिने दाबली. साध्या सलवार-कमीजमधल्या, तिच्याच वयाच्या बाईने दार उघडलं. अलिना तीच. ॲडेलिनने डबा पुढे केला. बोलायचं बरंच ठरवून आली होती, पण जेमतेम एक वाक्य फुटलं.

"मेरे मिस्टर को इटालियन आप सिखाती हैं?"

अलिना गोंधळली. "इटालियन तो मुझे आती ही नहीं. अल्फाज वो खुद लाते हैं, अपनी नौकरी के." मग तिने आवाज खाली आणला. "हल्के स्ट्रोक के बाद भी जबान ऐसे ही खुलती है, टुकडे-टुकडे करके. आपको बताया होगा ना?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. हर्बर्ट आरशासमोर बसला होता. आज पास्ता नव्हता. बोट टेबलावर पडत होतं आणि तो घामाघूम होऊन एकेक तुकडा जोडत होता.

"ॲ," तो म्हणाला. "डे... लिन."