बाकावरून आलेला शब्द

रायनर बाकावरून ताडकन उठला. शेवटचं मिनिट होतं, एका गोलची आघाडी होती, आणि चेंडू उंच वळण घेत आपल्याच गोलकडे येत होता. बचावपटू मधेच उडी मारणार असं दिसताच तो ओरडला, "सोड!"

जर्मनीत अठरा वर्षं गोलकीपर म्हणून काढल्यावर त्याचा खांदा गेला. मग कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाने त्याला गोलकीपरांना शिकवायला बोलावलं. आजची फायनल हरली तर परतीचं तिकीट, असं अध्यक्ष आबांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं.

शब्द होता बचावपटूसाठी, चेंडू गोलकीपरला धरू द्यावा म्हणून. ऐकला मात्र गोलकीपर इंद्रजितने, आणि वर नेलेले दोन्ही हात मुकाट खाली घेतले. रायनरने डोळे मिटून घेतले.

चेंडू खांबाला चाटून बाहेर गेला. पाठोपाठ शिट्टी वाजली, हलगी कडाडली, गुलाल उडाला.

इंद्रजित धावत आला. "सर, भाईर जाणार हे हितनं कसं दिसलं तुमाला? मी हात घातला असता तर आतच गेला असता बगा!"

नुसती मान डोलावली तरी भागलं असतं. पण या पोराने शब्दावर विसंबून हात खाली घेतले होते.

"तुला नाही," रायनर मोडक्या मराठीत म्हणाला. "त्याला बोलला. मी चुकला."

इंद्रजित खदखदून हसला. "मग उद्यापासनं नाव घेऊन वरडा की, सर!"

त्यातलं 'उद्या' तेवढं रायनरला नीट कळलं, आणि तोही हसायला लागला.