आप्पांच्या दाराची कडी

ड्रिल चौकटीवरून पुन्हा घसरलं आणि निळ्या रंगावर आणखी एक ओरखडा उमटला. आप्पांच्या मुलाने दात-ओठ खाऊन जोर लावला. भोक काही पडेना, लोखंड मात्र असं किंचाळलं की बायको आतून धावत आली. हळू, आप्पा उठतील, असं तिने खुणेनेच सांगितलं.

आप्पा सोफ्यावर झोपले होते तेवढ्यातच हे उरकायचं होतं. कारण कडी त्यांच्याच खोलीला बसवायची होती, तीही बाहेरून. गेल्या वर्षापासून आप्पांना कशाचीच धड आठवण राहत नव्हती. रात्री सगळे झोपले की ते दार उघडून चालू लागत. परवा ते हमरस्त्याच्या मधोमध सापडले, अनवाणी, नुसत्या बनियनवर. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक दाबला म्हणून निभावलं. मोठ्या दाराला कुलूप लावून झालं होतं. पण जन्म फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काढलेल्या माणसापुढे घरगुती कुलपाची काय मात्रा चालणार? शर्ट उलटा घालणाऱ्या आप्पांनी ते एका खिळ्याने उघडलं होतं.

"आधी बंद कर ते."

आप्पा मागेच उभे होते. दार वाऱ्याने आपटतं, म्हणून कडी लावतोय, असं काहीतरी सांगून मुलाने वेळ मारून नेली. आप्पांनी कडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि ड्रिल त्याच्या हातातून काढून घेतलं.

"हे भिंतीचं बिट. लोखंडावर हे नुसतं नाचणार. लहानपणापासून तुला घाईच फार."

मग त्यांनी ड्रिलच्या बिटांचा डबा पुढ्यात ओढला. एकेका बिटाच्या टोकावरून अंगठा फिरवत लोखंडाचं बिट शोधून काढलं. भिंत फोडताना लागणारा हॅमरचा खटका बंद केला. बिट सरकू नये म्हणून चौकटीवर खुणेच्या जागी आधी खिळा ठोकून बारीक खड्डा पाडून घेतला. सुनेकडून शिवणयंत्राचं तेल मागवून त्याचा एक थेंब तिथे सोडला आणि मशीन अगदी सावकाश फिरवलं. चकचकीत कीस वळत वळत बाहेर आला. कोयंडा बसला. दार लाकडी, म्हणून त्यांनी बिट पुन्हा बदललं. यावेळी स्क्रूपेक्षा बारीक घेतलं. भोक ऐसपैस पाडलं तर स्क्रू धरणार कशाला, असं विचारून उत्तराची वाट न बघता ते कामाला लागले.

मुलगा बघतच राहिला. कालच आप्पांनी त्याला, आपण कोण, कुणाकडे आलात, असं अदबीने विचारलं होतं. आज ते त्याच्यावर हक्काने खेकसत होते. त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि पाठोपाठ स्वतःची लाजही वाटली. असा माणूस कोंडून ठेवायचा? त्याने बायकोकडे पाहिलं. तिनेही नकारार्थी मान हलवली. आळीपाळीने जागू, काहीही करू, पण हे नको, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

"राहू दे, आप्पा. नको ही कडी."

आप्पांनी शेवटचा स्क्रू पिळला. कडी दोनदा घालून-काढून पाहिली. कुठे अडत नव्हती. हात पुसून ते खोलीत गेले आणि दार आतून ओढून घेतलं.

"आता लाव," ते आतून म्हणाले. "आणि रात्री मी कितीही हाका मारल्या, तरी उघडू नकोस."