शून्य रुग्णांचे गाव

महामारीच्या तिसऱ्या वर्षी प्रत्येक मनुष्याच्या मनगटावर ताप मोजणारी पट्टी होती, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर सर्व गावांचा क्रम अहोरात्र झळकत असे. कोळवडी सलग एकतीस दिवस प्रथम होती. तिची रुग्णसंख्या शून्य होती.

सरपंच तुळशीराम घोलप यांच्या मनगटावर मात्र दोन पट्ट्या होत्या. दुसरी त्यांच्या पत्नी हौसाबाई यांची होती, आणि हौसाबाई चार दिवस आतल्या खोलीत तापाने फणफणत होत्या. आजाऱ्याची पट्टी धडधाकट माणसाने बांधून गावाचे नाव राखावे, अशी रीतच कोळवडीत रूढ झाली होती.

सकाळी निंबगावहून थोरल्या भगिनी मथुराआक्का यांचा फोन आला. "तुळशा, आमचं गाव शेवटून दुसरं आहे रे. पण औषधाचं यान रोज उतरतं. माणसं उठून कामाला लागली. तुमच्याकडं कधी आलं होतं?"

"शून्य रुग्णांच्या गावात ते कशाला येईल, आक्का?" असे म्हणून सरपंचांनी फोन ठेवला.

आतून क्षीण आवाज आला, "पहिला नंबर आलाय ना? त्याचाच काढा करून पाजा मला."

सरपंचांनी दुसरी पट्टी सोडून पत्नीच्या कृश मनगटावर बांधली. ती तत्काळ लाल झाली. बाहेर फलकासमोर गलका उठला, "सरपंच, घसरलो आपण! कुणाच्या घरचा ताप हा?"

सरपंच उंबऱ्यावर आले. "माझ्या," ते म्हणाले. "तुम्हीही ज्याची पट्टी त्याला बांधा."

सायंकाळी कोळवडी शेवटच्या क्रमांकावर होती, आणि तिच्या आकाशात प्रथमच यानाची घरघर ऐकू येत होती.